आत्याबाईंचं नाक आणि नाताळचं मटण

नाताळच्या आदल्या दिवशी आमच्या घरची सगळी माणसं एका तव्याभोवती उभी होती... आणि तव्यावर होता डुकराच्या चरबीचा एकच तुकडा.

संगमनेरजवळ आमचं घर. आम्ही ख्रिस्ती, नाताळला घरच्याच डुकराचं मटण लागतं. नर पिल्लं माझे सासरे, म्हणजे पप्पा, दरवर्षी स्वतःच्या हाताने खच्ची करायचे. नाहीतर मटणाला उग्र वास मारतो, खाववत नाही, हे त्यांचं ठाम मत.

मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. नवरा सुप्याच्या कंपनीत, आठवड्याला घरी येतो, आणि रक्त बघितलं की त्याला घेरी येते. राहिलं कोण? मी! ब्लेड घेऊन बसले, पिल्लू किंचाळलं आणि मी उठून आत गेले. नाही जमलं...

मोबाईलवर एका डुकरं पाळणाऱ्याचा व्हिडिओ बघितला होता. नर वयात यायच्या आत कापला, माद्यांपासून लांब आणि कोरड्या जागेत ठेवला, तर खच्ची करायची गरज नाही म्हणे. म्हटलं, करून बघू.

बोलायला काय जातंय! शाळेतून शिकवून आले की साडी खोचायची आणि डुकरांचा खुराडा धुवायचा, रोज. हॉटेलचं उरलंसुरलं बंद केलं, मका शिजवून घालायचा. आणि ते दोन नर, सख्खे भाऊ, एवढे दांडगे, की एकमेकांवर चढून खुराड्याचे पत्रे वाकवायचे. पत्रे ठोकून ठोकून माझे हात भरून आले. शेजारच्या बाई तर म्हणायच्या, मॅडम, स्वतःचं ताट तरी एवढ्या मायेने वाढून घ्या.

वास आला तर डुकरं कायमची बंद, असं पप्पांनी आधीच सांगून टाकलं होतं. खरं सांगते... मी एवढी दमले होते की मनातून वाटायचं, येऊ दे वास. सुटेन तरी एकदाची.

तर तो तव्यावरचा तुकडा. कापल्यावर आधी चरबी भाजून हुंगायची, ही आमच्या घरची रीत. हा वास सगळ्यांना येत नाही. माझ्या नवऱ्याला तो आयुष्यात कधी आलेला नाही, त्यामुळे त्याला कुणी विचारतच नाही. निकाल द्यायचा नगरच्या आत्याबाईंनी, पप्पांच्या बहिणीने. त्यांचं नाक म्हणजे हायकोर्ट.

आत्याबाई वाकल्या, हुंगलं. परत हुंगलं. मग तुकडा तोंडात टाकून निवांत चावत बसल्या.

"काय वास न्हाई, दादा. लई गोड लागतंय."

झालं! आता पुढच्या वर्षीही खुराडा माझ्याच गळ्यात. मी कपाळाला हात लावणार, तेवढ्यात पप्पांकडे लक्ष गेलं. आजारपणापासून ज्यांना चार घास जात नव्हते, ते डाव्या हाताने तव्यावर सुटलेली चरबी निपटून खात होते. आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"उगंच कापली गं मी इतकी पिल्लं," ते म्हणाले. "लई वरडायची."

मी म्हटलं, पप्पा, तुम्ही डुकरं मोठी थोराड होईपर्यंत ठेवायचात, तेव्हा खच्ची करावंच लागत होतं. त्यांना पटलं की नाही, कोण जाणे. इतकी वर्षं या माणसाच्या कानात ते ओरडणं होतं, आणि आम्ही दरवर्षी मिटक्या मारत जेवलो.

नाताळच्या जेवणानंतर त्यांनीच विचारलं, "नवी पिल्लं कधी आनायची?" नाही म्हणायला तोंड उघडलं होतं मी... आणि म्हटलं, नवीन वर्ष लागू द्या, आणू.

दमणूक काही संपत नाही. शेवटी डुकरांना कापायचंच आहे, हेही मला कळतं. पण आता एकदाच... दोनदा नाही. एवढं तरी आमच्या हातून झालं, देवाचे आभार.