मशिदीतली चादर

कामरगावकडच्या एका खेड्यातल्या मशिदीतली ती चादर मी विसरलेले नाही. पन्नास सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. निजामाची जुनी हद्द जवळ, त्यामुळे कुठे अनोळखी मुसलमान दिसला की 'रझाकार आला' अशी खबर ठाण्यात यायची. मी शिपाई होते. बायकांच्या झडतीला मलाच नेत.

रमजान संपत आला होता. त्या खेड्याचा पोलीस पाटील ठाण्यात आला. "मशिदीत चादर बांधून एक जन लपून राह्यला, साहेब. बाहीर येत नाई. जेवन झाकून नेतेत त्याले."

फौजदारांनी त्या माणसाला धरून आणलं. पिंजारी होता, बहिणीच्या गावी आलेला.

"लपला काहून?"

"लपलो नाई, साहेब. बसलो होतो. चांद दिसेपावतर उठाचं नसते."

"चांगल्या मानसाले चादर कायले लागते बे?"

त्याला प्रतिबंधक कलम लागलं, कोठडी मिळाली.

बहिणीच्या घराची झडती माझ्याकडे आली. तिथेही कोपऱ्यात चादर. मी ती ओढली. आत बहिणीची म्हातारी सासू, चटई, जपमाळ आणि पाण्याचा गडवा.

"वढ, वढ. बंदूक सापडली तं मलेबी दाखव," म्हातारी म्हणाली.

मग तिनंच सांगितलं. रमजानच्या शेवटच्या दिवसांत असं एकांतात बसतात, त्याला एतेकाफ म्हणतात. बायका घरात, पुरुष मशिदीत. वस्तीतून एका तरी पुरुषानं बसावं, नाहीतर साऱ्यांवर दोष. इथले सगळे पुरुष मजुरीवर, म्हणून सुनेनं भावाला बोलावलं होतं.

"माह्या बसल्यानं गावाचं फिटत नाई, पोरी. मशिदीत मानूस पायजे. सोडता का त्याले?"

मी ठाण्यात येऊन सगळं सांगितलं. फौजदारांना ते पटलं. पण म्हणाले, "बाई, कागद मॅजिस्ट्रेटकडे गेले. आता सोडणं माझ्या हातात नाही."

चांद दिसला तेव्हा तो आमच्या कोठडीतच होता. गजांपाशी येऊन त्यानं एवढंच विचारलं, "माह्या जाग्यावर कोनी बसलं का, बाई?"

धरपकडीच्या भीतीनं कोणी बसलं नव्हतं. मी तसं सांगितलं. तो परत कोपऱ्यात गेला.

ईदनंतर तो सुटला. आमच्या लेखी प्रकरण मिटलं. पुढच्या नोकरीत मात्र पडदा ओढण्याआधी मी विचारत असे, आत कोण आहे आणि कशासाठी. बहुतेक वेळा सरळ उत्तर मिळे आणि ते खरंही निघे.

पुढच्या रमजानात, शेवटच्या दिवसांत, त्याच खेड्यात काम निघालं. जाता जाता मशिदीत डोकावले. जागा झाडलेली होती, घागर भरलेली होती. चादर नव्हती, बसलेलंही कोणी नव्हतं.