सायकल पुरी घे

काल नातीच्या सायकलचं पंक्चर काढताना सोल्युशनचा वास आला आणि मी थेट वेरूळला पोचलो. आमच्या झरी गावाहून तीन दिवस सायकल हाणत येऊन मी आणि माझा मित्र गौतम कैलास लेण्यासमोर उभे होतो. हे दोघं एसटीनंच जाऊन येणार, अशी गावाला खात्री होती. मी मागून आणलेला कॅमेरा डोळ्याला लावला. सायकलला टेकलेला गौतम म्हणाला, "कळस ऱ्हाऊ दे, सायकल पुरी घे. न्हाईतर गावात कोन खरं मानणार हाय?"

गावानं मानलं. फोटोत लेणं मात्र अर्धंच आलं, म्हणून मी कित्येक वर्षं हळहळलो. आता हळहळत नाही. लेणं अजून जागच्या जागी आहे. ती सायकल नाही, गौतमही नाही. फोटो मी बरोबरच काढला होता.