नानांच्या कोंबड्यांची सर्दी

गुरांच्या दवाखान्यात औषधं संपतात, किस्से संपत नाहीत! बुलढाण्याहून धाडकडे जाताना रस्त्यालगतच आमचा दवाखाना आहे. मी तिथली डॉक्टर आणि सुपडाभाऊ आमचे ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे. पूर्वी दुपारच्या चहाला हे किस्से रंगायचे. आता सांगायला बसलं की हसू कमी येतं आणि हळहळच जास्त वाटते.

परसातल्या कोंबडीला सर्दी झाली की लोक दुकानातून अँटिबायोटिकची पुडी आणायचे आणि पाण्यात टाकायचे. आता त्यावर बंधनं आली. तपासून, खरंच गरज असेल तरच द्यायचं. बहुतेक सर्दीवर ते लागूही पडत नाही. मग मी घसा फोडून सांगते : आजारी कोंबडी वेगळी काढा, खुराडं कोरडं ठेवा, हवा खेळू द्या, धडधाकट असतील त्यांना लस द्या. गावात त्याचा बोभाटा असा झाला :

"त्या मॅडमजोळ काऊन जाता बे? औषध देत नाही, शाळा घेते!"

•

वच्छलाबाई आल्या डालग्यात कोंबड्या घालून. चोची उघड्या, घशात घरघर. मी तपासलं आणि म्हटलं, "याला गोळी नाही लागत. जपलं तर बऱ्या होतील."

बाई उठेनातच. त्यांचे मालक, नाना, छातीनं अधू. शेतात जाणं कधीच सुटलं होतं. दिवसभर अंगणात खाटेवर बसायचे आणि कोंबड्यांशी बोलायचे.

"मॅडम, ह्या कोंबड्या गेल्या तं तो माणूस कोनाशी बोलंन? माह्याशी तं बोलत नाही!"

सुपडाभाऊ खो खो हसले. मलाही हसू आलं, पण बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

•

पुढच्या आठवड्यात मी स्वतः त्यांच्या घरी गेले. पाहते तर काय, खुराड्यावर गोधडी टाकलेली आणि आत निखाऱ्यावर ओवा! धूर नुसता कोंडलेला. आत कोंबड्या आणि बाहेर नाना, दोघंही खोकताहेत. माझा पाराच चढला.

"अहो, त्यांना श्वास घेता येईना आणि तुम्ही धूर कोंडता?"

वच्छलाबाई म्हणाल्या, "बाळंतिणीले देतो ना मॅडम धुरी. कोंबडी का तिच्याहून नाजूक हाये?"

मी गोधडी ओढून काढली. त्यातली एक कोंबडी त्याच संध्याकाळी गेली. नाना त्या रात्री जेवले नाहीत म्हणे.

•

त्यांच्याच गल्लीतल्या शांताबाई मात्र आज्ञाधारक! मी म्हटलं, आजारी कोंबडी वेगळी ठेवा. पुन्हा भेटल्या तेव्हा विचारलं, "ठेवली ना वेगळी?"

"हाव, तवाच ठेवली. जीपमधी बसवली अन् दुसरबीडले बहिनीकडे धाडून देली. दुसऱ्या तालुक्यातच ठेवली, मॅडम!"

सुपडाभाऊ टेबलावर हात आपटून हसले. पुढचं हसण्यासारखं नाही. बहिणीचं सगळं खुराडं आजारी पडलं, रिकामं झालं. दोघी बहिणी अजून एकमेकींशी बोलत नाहीत. मी "घरातच, पण वेगळ्या कोपऱ्यात" एवढं म्हटलं असतं तर!

•

एकदा मात्र तपासणीत अँटिबायोटिकचीच केस निघाली. एका घरच्या कोंबड्यांना रीतसर औषध दिलं आणि बजावलं, "औषध चालू आहे तोवर आणि मी सांगेपर्यंत यांची अंडी खायची नाहीत."

काही दिवसांनी मी फिरतीवरून परतले, तर दवाखान्यात टोपलीभर अंडी! ठेवणारी बाई दारातच उभी.

"घरच्या लेकराईले एकबी देलं नाही, मॅडम. फेकवत तं नाही ना! म्हनलं, तुमालेच देऊ."

मी सुपडाभाऊंकडे वळले. ते आम्लेट खाऊन हात धूत होते!

•

तिकडे नानांच्या बाकीच्या कोंबड्या सुधारल्या. घरघर थांबली, उकिरडा उकरायला लागल्या. मला आभाळ ठेंगणं झालं! बुलढाण्याच्या मीटिंगमध्ये मी उभी राहून सांगितलं, "एक गोळी न देता पूर्ण खुराडं बरं केलं." टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "याला म्हणतात सक्सेस स्टोरी!"

नाना तेव्हा तिथल्याच दवाखान्यात भरती होते. छाती पुन्हा भरली होती. म्हटलं, मीटिंग झालीच आहे, भेटून जावं.

वॉर्डाच्या दारात डॉक्टर वच्छलाबाईंना विचारत होते, "अँटिबायोटिक गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला होता ना? मग एवढं वाढलं कसं?"

"सारा केला, साहेब. मी सोता त्याईच्या हातावर गोळी ठेवत होती. एकबी चुकली नाही."

डॉक्टर मान हलवत पुढं गेले. मी आत शिरले. नानांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांना बरं वाटावं म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, "नाना, तुमच्या कोंबड्या ठणठणीत झाल्या बरं! आणि तेही एक गोळी न देता!"

नानांनी दाराकडं पाहिलं. बायको बाहेरच आहे याची खात्री केली. मग मास्क जरा खाली ओढला आणि मला जवळ बोलावलं.

"हिले सांगू नका, मॅडम. हिची पाठ फिरली का मी गोळी तोंडातून काढो अन् कोंबड्याईच्या पान्यात घोळो. बंदी तुमाले होती. मले कोनं केली होती?"