सायलेन्सरची रुजवात

ते लाकडी खोकं अजून ओसरीतच आहे. आप्पा गेले त्याला आठ महिने होतील. त्यांचे चष्मे, धोतरं, बोरू, शाईच्या दौती, सगळं मी एकेक करून मार्गी लावलं. खोकं मात्र हलत नाही. ते उचलायला दोन माणसं लागतात, आणि आठवड्यातून एकदा तरी त्याच्या कोपऱ्यावर माझी नडगी आपटते. आपटली की मी मनातल्या मनात आप्पांशी भांडते. ते हयात असताना भांडत असे तशीच, म्हणजे एक शब्दही न बोलता.

खोक्यात आमच्या जुन्या इंग्रजी मोटारीचा सायलेन्सर आहे. इंजिनाचा धूर आणि आवाज गिळून मागच्या नळीतून सोडणारा लांबोडका लोखंडी डबा. तो अस्सल आहे, विलायतेत त्याच कारखान्यात घडलेला. तो मिळवायला आप्पांना चार वर्षं लागली, आणि गाडीला तो एक दिवसही लागला नाही.

आप्पांची सगळी नोकरी मद्रासच्या सरकारी दप्तरखान्यात गेली. तंजावरकडचे जुने मोडी कागद, त्यांच्या नकला, आणि त्या नकलांची रुजवात. रुजवात म्हणजे एकानं अस्सल कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून ऐकायचं. अक्षर न अक्षर जुळलं की समासात 'रुजू' असं लिहून सही करायची. निवृत्तीनंतर लोक जमिनीचे, इनामाचे कागद घेऊन मैलापूरच्या आमच्या घरी येऊ लागले, तेव्हा वाचायला मी बसू लागले. दप्तरखान्यातला एक नियम आप्पा घरीही पाळत: नक्कल करणाऱ्यानं मजकुरावर बोलू नये. मूळ कागदात चूक असली तर ती चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवायची. माझं अबोलपण काही अंशी त्या नियमातून आलं असावं.

गाडी ही त्यांनी आयुष्यात केलेली एकमेव उधळपट्टी. साहेबलोक सामान विकून बोटीवर चढत होते, त्या दिवसांत त्यांनी ती एका अधिकाऱ्याकडून घेतली. तेव्हाच ती पंधरा वर्षांची होती. सोबत कातडी बांधणीचं एक माहितीपुस्तक होतं, गाडीच्या प्रत्येक भागाचं माप त्यात दिलेलं. आप्पांनी ते पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. दरवर्षी आयुधपूजेला गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवत आणि पुस्तक देवापुढे. उघडून फारसं कुणी वाचलं नाही.

समुद्र जवळ, त्यामुळे आमच्या भागात लोखंड टिकत नाही. सायलेन्सर गंजला आणि त्याला भोकं पडली. गाडी सुरू केली की गल्लीतल्या दूधवाल्याची म्हैस दावं तोडून पळे.

याच सुमारास मी गाडी शिकवा म्हणून आप्पांच्या मागे लागले. मी तिशीला आलेली, मुलींच्या शाळेत शिक्षिका. गाडी चालवणाऱ्या बायका मद्रासमध्ये होत्या, पण त्या मोठ्या बंगल्यांतल्या. मला हौस होती हे खरंच. पण घाईचं कारण वेगळं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आप्पांना काचबिंदू सांगितला होता. गेली ती नजर परत येत नाही, उरलेली किती वर्षं टिकेल ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले. शिकवायचं तर आत्ताच. मला दुसऱ्या कुणाकडून शिकायचं नव्हतं.

आप्पा नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "सायलेन्सर अस्सल येऊ दे. त्या गाडीचा गिअर कानानं बदलायचा असतो. आवाज खोटा असला तर तुझा हातही खोटा बसेल."

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. त्यानंतर चार वर्षं गेली.

सुरुवातीला ते मला घेऊन पुदुपेटला गेले. जुन्या मोटारींच्या भागांच्या त्या बाजारात पत्र्याचं काम करणारा एक कारागीर होता, अंगानं काटकुळा, कानावर खडू खोचलेला. जुना सायलेन्सर समोर ठेवून त्यानं चार दिवसांत हुबेहूब दुसरा घडवला. आप्पांनी तो हातात घेतला आणि आत डोकावले. आतल्या बाजूला तेलाच्या पिंपावरची अर्धी तमिळ अक्षरं दिसत होती. त्यांनी कारागिराला मजुरी दिली, सायलेन्सर त्याच्याच फळीवर ठेवला आणि रिकाम्या हातानं परत आले. नक्कल ती नक्कल, असं आईला सांगितलं. गाडीला लावून पाहिलासुद्धा नाही.

मग त्यांनी विलायतेच्या कारखान्याला पत्र लिहिलं. सात महिन्यांनी उत्तर आलं, की त्या गाडीचे भाग करणं आम्ही केव्हाच बंद केलं आहे, क्षमस्व. पत्र निदान अस्सल होतं, म्हणून ते फायलीत लागलं. मग अंबत्तूर. तिथं नवीन औद्योगिक वसाहत उभी राहत होती आणि एका कारखान्यातला तरुण इंजिनियर म्हणाला, एक करत नाही, शंभर घेणार असाल तर करू. त्यातला अस्सल कुठला असेल, असं आप्पांनी त्याला विचारलं. त्यानं बिचाऱ्यानं कॉफी मागवली.

आई एकदा कोळंबूच्या आमटीला फोडणी देता देता म्हणाली, "ह्या डब्यासाठी जितकी स्थळं पाहिली तितकी लेकीसाठी पाहिली असती, तर आत्तापर्यंत नातवंडं हॉर्न वाजवत बसली असती." आप्पा हसले. मला हसू आलं नाही. त्या आठवड्यात ते उंबऱ्याला दोनदा अडखळले होते, आणि उंबरा पूर्वीपासून तिथंच आहे असं मला सांगत होते.

पूर्ण आंधळे होईपर्यंत हे वाट पाहणार, आणि मग मला म्हणणार, बघ, अस्सल आला, पण आता शिकवू कसा? या विचारानं मी शाळेत वह्या तपासताना लाल शाईचे डाग पाडू लागले होते. तरी आप्पांना तोंडावर काही बोलले नाही. आमच्या घरात बोलायची पद्धत नव्हती.

शेवटी ओळखीच्या ओळखीनं निलगिरीतल्या एका चहामळ्यावरच्या शेडमध्ये तो सापडला. तशीच गाडी तिथं होती, ती कधीच मोडीत गेली होती, पण तिच्यासाठी मागवलेला हा भाग न उघडता पडून होता. मालगाडीनं खोकं आलं. आत मेणकागद, त्याखाली दाट ग्रीस, त्याखाली ठोकलेला नंबर. आप्पांनी त्या नंबरावरून बोट फिरवलं. डोळे मिटूनच. मिटले काय, उघडे ठेवले काय, तोवर फारसा फरक राहिला नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही पुदुपेटला गेलो. खोकं मागच्या सीटवर, माहितीपुस्तक माझ्या मांडीवर, आणि गाडी आप्पा चालवत होते, वळणं मी सांगेन तशी. सायकली, रिक्षा, हातगाड्या त्या आवाजानंच बाजूला होत होत्या, म्हणून आम्ही पोचलो.

कारागीर गाडीखाली सरकला. बराच वेळ ठोकठोक चालली. मग तो पाठीवर सरकतच बाहेर आला आणि तमिळमध्ये म्हणाला, हा बसत नाही. दोन बोटं लांब आहे, आणि पट्टीची भोकं भोकांवर येत नाहीत.

आप्पांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे निकाल दिला. मळेवाल्यांनी फसवलं, म्हणाले. हा खोटा आहे. आता दुसरा शोधायला हवा.

दुसरा. मला वाटतं, त्या एका शब्दानं माझ्या आत काहीतरी सुटलं.

"आप्पा, रुजवात घेऊ या," मी म्हणाले.

"कशाची?"

"दोघांची. पुस्तकाशी."

रुजवातीला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि पुस्तक उघडलं. काही पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती, ती कारागिराच्या पटाशीनं सोडवली. मी माप वाचायची, आप्पा टेपचं टोक बोटानं धरून ठेवायचे, कारागीर आकडा बोलायचा. निलगिरीहून आलेल्या सायलेन्सरची लांबी जुळली. घेर जुळला. भोकांमधलं अंतर जुळलं. ठोकलेला नंबरही पुस्तकात होता तोच.

"आता जुना," मी म्हणाले.

"त्याची कशाला?"

"अस्सल म्हणायचा तर रुजू व्हायला हवा."

जुन्याची लांबी दोन बोटं कमी निघाली. घेर जास्त. भोकं भलत्याच ठिकाणी. नंबर कुठेच नव्हता. आकडे बोलता बोलता कारागिराचा आवाज खाली खाली जाऊ लागला, जणू चूक त्याचीच होती. आप्पांनी टेपचं टोक सोडलं नाही.

मग कारागिरानं जुना सायलेन्सर उलटा केला. गाडीला लावल्यावर जी बाजू वर राहते, कुणाला दिसत नाही, तिच्यावर पत्र्याच्या दुमडीशी छिन्नीचे तीन बारीक घाव होते. ही माझ्या मामाची खूण, तो म्हणाला. लढाईच्या दिवसांत विलायतेहून काही येत नव्हतं. साहेबांच्या गाड्या मामाकडेच येत. त्यानं खालची नळीच बदलली असणार, आणि तिला बसेल असा हा डबा घडवला असणार. म्हणून तर दुसरा कुठलाच बसत नाही.

आप्पांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी पाहिलं, सार. तोंड उघडलं तर तुम्ही म्हणालात, नक्कल करणाऱ्यानं मजकुरावर बोलू नये."

ते खरं होतं. मी तिथंच उभी होते, आणि आप्पांनी ते तमिळमध्ये किती नेमकं सांगितलं याचं मला तेव्हा कौतुकही वाटलं होतं. चार वर्षं. हजारो कागदांची रुजवात घेणाऱ्या माणसानं स्वतःच्या दारातल्या गाडीची एकदाही घेतली नव्हती, आणि शेजारी बसून वाचणाऱ्या मलाही ते सुचलं नव्हतं. पुस्तक कुणाच्या तरी डोक्यात घालावं असं वाटलं. कुणाच्या, ते ठरेना.

आप्पा म्हणाले, "तो फळीवरचा काढ."

चार वर्षांपूर्वीचा त्याचा सायलेन्सर तिथंच होता. दुसऱ्या कुठल्या गाडीला तो बसला नसता, मग विकणार कुणाला? धूळ झटकून त्यानं तो जुन्याशेजारी ठेवला. या वेळी पुस्तक मिटून मी जुन्याचीच मापं मोठ्यानं बोलत गेले आणि आप्पा नव्यावर बोटं फिरवत गेले. शेवटचं भोक जुळल्यावर त्यांनी हात पुढे केला. कारागिराला कळेना. मला कळलं. त्याच्या कानावरचा खडू घेऊन मी आप्पांच्या हातात दिला. त्यांनी पत्र्यावर 'रुजू' लिहिलं आणि खाली सही केली. ओळ तिरकी गेली.

अर्ध्या तासात तो बसला. गाडी सुरू झाली तेव्हा आप्पा मान वाकडी करून बराच वेळ ऐकत राहिले.

"हां," म्हणाले. "हाच." मग दुसऱ्या बाजूचं दार चाचपून ते डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. "बस. बघतेस काय?"

तिथून पुढे आम्ही दर रविवारी अंबत्तूरला जात असू. कारखाने बंद, रस्ते सरळ आणि रिकामे. आप्पांना समोरचं दिसत नव्हतं. कारखान्यांच्या पाट्या मी मोठ्यानं वाचायची, म्हणजे आपण कुठे आहोत ते त्यांना कळे, आणि इंजिन ऐकून ते सांगायचे: आत्ता बदल. आत्ता नको. आता बदल. एकदाही चुकले नाहीत. म्हणजे गिअर कानानं बदलायचा असतो, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. कारण तो बरोबर आवाज चार वर्षं पुदुपेटच्या फळीवर पडून होता. असे अकरा रविवार मिळाले. मग पावसाळी वादळं सुरू झाली, आणि ती संपेपर्यंत आप्पांना उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं.

मला लायसन मिळालं. अस्सल सायलेन्सर खोक्यात परत गेला आणि खोकं ओसरीत आलं. आप्पा त्यावर उशी टाकून बसू लागले. शाळेतून येताना मी गल्लीच्या कोपऱ्यावर वळले की आईला आत ओरडून सांगत, कॉफी ठेव. एके दिवशी घरात पाऊल ठेवायच्या आधीच मला म्हणाले, "कोपऱ्यावर आज उशिरा बदललास." झाला होता उशीर.

अलीकडे कोपऱ्यावर माझा गिअर वेळेवर पडतो. उशीही मी काढलेली नाही. काल एकजण विचारत आला होता, तुमच्याकडे त्या गाडीचा अस्सल भाग आहे म्हणे, देता का? मी त्याला पुढच्या रविवारी यायला सांगितलं आहे. येताना टेप आणि स्वतःची गाडी घेऊन यायला सांगितलं आहे. पुस्तक माझ्याकडे आहे. वाचायला मी बसेन.