म्हातारीचा ताप

उतेकर सर संगणकाच्या पाठीवर तळहात ठेवून ताप बघत. पोलादपूरच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी प्रथम पाहिले ते असेच: हात खोक्यावर, डोळे मिटलेले. मी दारातच थबकले. "या बाई," ते डोळे न उघडताच म्हणाले, "जरा कणकण हाय, पन काम चाललंय."

काम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम बांधणं. संगणकाचा हा सगळा कारभार जग तयार आणतं. सर मात्र त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर, उतरवून घेत आणि त्यातून यंत्राला कळेल अशी सिस्टीम तासन्‌तास घडवत बसत. तयार मिळत असताना हा उपद्व्याप कशाला, असं विचारलं की म्हणत, "तयार पिठात काय काय दळलंय, कोनाला ठाव? आपलं दळन आपन दळावं." निम्मी नोकरी मुंबईत करूनही त्यांची वाडीची बोली सुटली नव्हती. सुटावी असं त्यांना वाटतही नव्हतं.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने शाळेला आपले जुने संगणक दिले. तयार सिस्टीम घातली की ते घाटातल्या एसटीसारखे धापा टाकत. मुख्याध्यापक शेलार सर वैतागले. "गणपतीच्या सुट्टीनंतर हे चालले नाहीत, तर सगळे भंगारात आणि खोली खेळाच्या सामानाला." आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलांना संगणक हाताळायला मिळे तो याच खोलीत. उतेकर सरांचा चेहरा पडला. त्या सुट्टीत प्रतिष्ठापना उरकून ते तसेच शाळेत परतले. कोकणी माणसाने गणपती सोडून कामावर यावं, म्हणजे प्रकरण गंभीरच!

कचेरीतला नवा संगणक वेगवान, म्हणून त्यांनी त्याच्यावर नको ते सगळं वगळून हलकी सिस्टीम बांधली आणि जुन्या सगळ्यांत भरली. शाळा उघडली, मुलं जमली, नारळ फुटला, बटणं दाबली. आणि एकही संगणक उठला नाही. ही आज्ञा आपल्याला कळत नाही, अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ दाखवून सगळे गप्प. कचेरीतला तेवढा वाऱ्यासारखा पळत होता.

"चूक माजी," सर म्हणाले. "नव्याला जमतं त्या हिशेबानं समदं बांधलं. ह्या जुन्यांना ते येतच नाय. पैलवानासाठी रांधलेलं आजाऱ्याला पचंल कसं?"

शेलार सरांनी कपाळाला हात लावला, पण शनिवारपर्यंत मुदत दिली. उतेकर सरांनी मग सगळ्यांत संथ संगणक निवडला. मुलं त्याला 'म्हातारी' म्हणत. खरं तर नव्यावरच थोडा बदल करून पुन्हा बांधता आलं असतं, हे त्यांनीच मला सांगितलं. "येतं की! पन जिला खायचंय तिच्याच चुलीवर रांधावं, बाई. तिला जमलं म्हंजे समद्यांना जमलं."

तो आठवडा म्हातारी तापली, धापली, पण चालली. वीज जायची तेव्हा हळहळायचे मी, सर निवांत. "झालेलं कुठं जातं? थांबलं तिथनं पुढं." शनिवारी तिच्यावर बांधलेली सिस्टीम सगळ्यांत भरली आणि एकामागून एक पडदे उजळले. मुलांनी असा गलका केला की शेलार सर धावत आले. उतेकर सरांनी आधी चष्मा पुसला, मग डोळे.

पुढे ते निवृत्त होऊन वाडीवर शेती करायला गेले. यंदा दोन-तीन नवे संगणक आले, तेव्हा जागा करायला शिपाई म्हातारीची वायर काढू लागला.

"अरे, तिला हात लावू नकोस!" शेलार सर दारातूनच ओरडले. "सिस्टीमचं बांधकाम चालू आहे माझं तिच्यावर. तिला जमलं म्हणजे सगळ्यांना जमतं."

मला उतेकर सरांची फार आठवण आली. "त्यांना फोन लावते," म्हणत मी वळले, तर शेलार सर म्हातारीपाशी उभे होते. तळहात खोक्यावर, डोळे मिटलेले.

"जरा कणकण आहे, बाई," ते म्हणाले. "पण काम चाललंय, असं कळवा त्यांना."