मास्तरांचा साठ इंची

टीव्ही जिन्यात अडकला होता, नेमकी तेव्हाच मास्तरांची बायको हॉस्पिटलातल्या कामावरून परत आली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चार हमाल खोक्याला खांदा लावून घामाघूम झाले होते. खोकं ना वर जात होतं ना खाली. वरच्या पायरीवरून मास्तर ओरडत होते, "आडवा करू नका! आडवा केलात तर काच गेली म्हणून समजा! उभाच ठेवा, उभाच!" शेजारपाजारचे लोक दारं किलकिली करून मजा बघत होते. तिला वर जायला वाटच नव्हती. पिशवी छातीशी धरून ती खाली थांबली. मास्तरांची नजर तिच्यावर गेली.

"ए, बघत काय उभी राहिलीस? मागून हात लाव की!"

आठ तास ओल्या चादरी उपसून आलेले हात तिने खोक्याला लावले.

घरात पाऊल टाकलं तर हॉलची मोठी भिंत उघडीबोडकी. तिथे तिचं कपाट असायचं. सकाळी ती कामावर गेल्यावर मास्तरांनी ते भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं आणि तिचे कपडे दोन खोक्यांत कोंबून पलंगाखाली ढकलले होते.

"अहो, माझं कपाट..."

"मग हा काय तुझ्या डोक्यावर ठेवू?" मास्तर म्हणाले, आणि हमालही हसले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचे. तसल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, पण गाडी चालणार आणि थांबणार मास्तरांच्या मर्जीने. सव्वीस वर्षं त्यांनी माणसांना असंच शिकवलं. एका बँकेतल्या बाईला त्यांनी भर चौकात गाडीतून उतरवून चालत घरी पाठवलं होतं, आणि हा किस्सा ते जेवताना चवीने सांगत. घरातही त्यांची बसायची जागा तीच होती. बायकोने काही करायला घेतलं की ते अर्ध्यावर ब्रेक मारायचे. ती हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत होती. तिथे सगळे तिला चादरमावशी म्हणत, तिच्या हाताखाली सहा बायका होत्या, आणि रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात घालायचा हे नवीन बाईला ती एकदाच आणि हळू आवाजात सांगायची. घरी तिचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता.

टीव्ही आणायचं कारण त्यांचा साडू. त्याने पन्नास इंची घेतला होता आणि सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मास्तर, तुमच्याकडे एवढा मावायचा नाही हो." झालं. मास्तरांच्या मनाला ते असं लागलं की त्यांनी साठ इंची प्लाझ्मा आणला. दोन खोल्यांच्या घरात तो बसवल्यावर पलंग आणि टीव्ही यांच्यात एका माणसाने आडवं होऊन चालावं एवढीच जागा उरली.

पहिल्याच रविवारी साडू आणि मेव्हणी यांना बोलावणं गेलं. चहा झाला. मॅच लागली. हिरवंगार मैदान भिंतभर पसरलं. साडू नुसती मॅचच बघत राहिला, तसे मास्तर चुळबुळले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली, "ए, इकडे ये. उभी राहा इथे. टीव्हीच्या बाजूला. अशी नाही, सरळ!"

ती ओले हात पुसत उभी राहिली.

"आता दोन्ही हात पसर. बघ रे साडू! बायकोच्या कवेत मावत नाही!"

साडू खो खो हसला. तिची धाकटी बहीणही हसली, आणि तेच तिच्या जास्त जिव्हारी लागलं. पुढे जो जो पाहुणा आला, त्याच्यासमोर तिला तसंच हात पसरून उभं राहावं लागलं.

टीव्हीचे नियम झाले. काचेवर उजेड पडतो म्हणून पडदे दिवसाही बंद. तेलकट वाफ बसते म्हणून तळण बंद. तो चालू असला की मंद घुं असा आवाज यायचा आणि समोर बसलं तर तोंडाला ऊब लागायची, शेगडीसमोर बसल्यासारखी. लॉन्ड्रीतल्या वाफेतून सुटून ती या उकाड्यात यायची. तिला गाण्यांचा एक कार्यक्रम आवडायचा, अर्ध्या तासाचा. एकदा मास्तर अंघोळीला गेल्यावर तिने तो लावला. मास्तर बाहेर आले, टॉवेलवरच, आणि त्यांनी मेन स्विच बंद केला. "माझ्या वस्तूला हात लावायचा नाही," एवढंच म्हणाले. असं दोन वर्षं चाललं.

मग एके दिवशी शिकाऊ माणूस गाडी वळवत असताना मास्तरांचा पाय ब्रेकवर गेलाच नाही. गाडी हळूच जाऊन कुंपणाला टेकली. शिकाऊ माणूस घाबरून बघतो, तर मास्तरांचं तोंड वाकडं झालेलं आणि उजवा हात मांडीवरून खाली लोंबकळलेला. डोक्यात गुठळी झाली होती. तीन आठवडे हॉस्पिटलात काढले, तिनेच धुतलेल्या चादरींवर. घरी आले ते चाकांच्या खुर्चीतून. उजवी बाजू गेली, मान नीट वळेना, वाचा गेली. एकच शब्द राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, सगळे शब्द पुसले जातात आणि एखादा कुठला तरी अडकून राहतो.

मास्तरांचा राहिलेला शब्द होता "छान."

जन्मात त्यांनी तो कुणाला म्हटला नव्हता. आता पाणी हवं असलं तरी छान, ओलं झालं तरी छान, संताप झाला तरी डोळे वटारून "छान! छान!" भेटायला येणारे म्हणत, किती समाधानी आहेत बघा. कुठला छान कशासाठी, हे फक्त तिला कळायचं. आठवडाभरातच तिला सगळं कळायला लागलं होतं.

तिची नोकरी सोडून चालणार नव्हतं. सकाळी ती त्यांचं सगळं आवरायची, भरवायची, टीव्हीसमोर बसवायची आणि जायची. दिवसा शेजारीण अधूनमधून येऊन पाणी पाजायची. एका सकाळी घाईत चुकीचं चॅनल लागलं. त्यावर दिवसभर एक बाई भांडी विकायची. न चिकटणारा तवा, न चिकटणारी कढई, खाली लाल चौकोनात फोन नंबर, "आत्ताच फोन करा, आत्ताच!" संध्याकाळी ती परतली तेव्हा मास्तरांचे डोळे लाल झाले होते. तिला बघताच ते ओरडले, "छान! छान! छान!" डावा हात खुर्चीवर आपटत होते.

तिला कळलं. लख्ख कळलं. तिने चप्पल काढून जागेवर ठेवली आणि म्हणाली, "आवडलं होय? बरं."

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम तेच चॅनल लावलं. तिसऱ्या दिवशीही. त्यांच्या सेवेत मात्र तिने तसूभर कमी केलं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची हे तिने शेजारणीलाही शिकवलं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. अन्न कोमट, कपडे कोरडे, दाढी एक दिवसाआड. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "अशी काळजी मी कुठल्या घरात बघितली नाही." ती मान खाली घालून हसली.

बहीण आणि साडू आले. "काय मास्तर, मजा आहे ना?" साडूने विचारलं. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "छान," ते म्हणाले, "छान, छान..."

बहिणीला कसंसंच झालं. "ताई, मॅच आहे ना आज? लावून दे की त्यांना."

"त्यांना हेच आवडतं. तूच विचार हवं तर."

"भावजी, हेच आवडतं?"

"छान!" मास्तर किंचाळले.

"बघ," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

वर्ष गेलं. लाल चौकोन आणि नंबर त्या काचेत कायमचे उमटले. साडूने एकदा स्वतः उठून मॅच लावली, तर हिरव्या मैदानावर तोच चौकोन, धुरकट, बुजलेला, पण वाचता येईल असा. साडूने मास्तरांकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. त्यानंतर तो आला नाही.

पुढे एका सकाळी टीव्हीतून चट् असा आवाज आला आणि सगळं काळं पडलं. मेकॅनिकने मागचं झाकण उघडून बघितलं. "मावशी, याचे पार्ट आता येत नाहीत. काढून टाका." दोन माणसं लावून तो खाली नेला. तिने पडदे उघडले. घरात इतका उजेड आला की दोघांचेही डोळे मिटले.

त्या संध्याकाळी ती भांडी घासत होती. सहज मागे बघितलं तर मास्तरांनी मान वळवली होती. न वळणारी मान कशीबशी वळवून ते तिच्याकडे बघत होते. रागावलेले नव्हते. नुसतेच बघत होते. ती ओट्याच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली, तरी त्यांची नजर मागोमाग. जेवण भरवताना तशीच, तोंड पुसताना तशीच. दुसऱ्या दिवशी कामावरून आली तर ते दाराकडे तोंड करून वाट बघत होते. सगळं सगळं माहीत असलेला तो एकच माणूस होता, आणि आता त्याला तिच्याशिवाय बघायला काहीच उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती दुकानात गेली. विक्रेता नवे, पातळ टीव्ही दाखवत होता, रंग समजावत होता.

"रंगाचं राहू दे," ती म्हणाली. "आवाज केवढा मोठा होतो?"

नवा टीव्ही एकाच माणसाने अर्ध्या तासात भिंतीला लावला. तो गेल्यावर तिने खुर्ची भिंतीसमोर सरळ केली, मास्तरांच्या मानेला दोन्ही बाजूंनी उशा लावल्या, घट्ट, मान इकडेतिकडे होऊ नये अशा. दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, मानेला आधार बरा दिलात.