सीटखालच्या अक्षता

मंडळी, आज दुपारी खामगावच्या गॅरेजात मी बाबांची गाडी भंगारात द्यायला जवळपास तयार झालो होतो.

जुनी अँबेसिडर. मिस्त्रीनं खालून ठोकून पाहिलं तर पत्रा बिस्किटासारखा गळायला लागला. "भाऊ, सारा तळ नवा टाका लागते. एवढ्यात दुसरी चांगली गाडी येते. काऊन पैसा जाळून राह्यले?" बायको रोज हेच म्हणते.

तेवढ्यात त्यानं मागची सीट उचलली. गंजाच्या भुग्यात ज्वारीचे दाणे होते. पोकळ झालेले, पण हळदीचा रंग अजून धरून. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्याच असतात.

आमच्या पिंपळगाव राजातल्या कितीतरी नवऱ्या याच सीटवरून सासरी गेल्या. चालवायला बाबा. पोरीला मागं वळून बघता यावं म्हणून ते वेशीपर्यंत मुद्दाम हळू चालवायचे. शेवटची नवरी माझी ताई. त्याच वर्षी बाबा गेले आणि गाडी गोठ्यात उभी राहिली ती आज ओढून गॅरेजात आणली तेव्हाच हलली.

ताईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. म्हणाली, "या गाडीनं मले नुसतं सोडलं रे. घ्याले कधी आलीच नाही."

मिस्त्रीला म्हटलं, टाक पत्रा.

पिंपळगावच्या लेकींनो, या गाडीतून कोण कोण गेलं? खाली लिहा. चालू झाली की घ्यायला येतो. माहेरी येताना मात्र हळू चालवणार नाही.